बुटक्या गुहेत पहिल्यांदा शिरताना

मेघालयला जाणाऱ्या मराठी सहलींच्या कार्यक्रमात मॉसमाईची गुहा हमखास असते आणि तिच्या वाट्याला येतो अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात गुहा बघून होतेही. पण बाहेर पडणाऱ्या घोळक्याकडे जरा बघा. कुणाच्या कपाळाला टेंगूळ, कुणाचा चष्मा चिखलात, कुणी काकू "बाई गं, परत नाव नको" म्हणत दगडावर टेकलेल्या. यातलं जवळपास सगळं टाळता येतं. मी साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून बहिणी, भाच्या, त्यांच्या मैत्रिणी असा गोतावळा घेऊन डोंगरात हिंडते. उंची पाच फूट आठ इंच, वय साठीपुढे, उजवा गुडघा कुरकुरणारा. बुटक्या गुहेसाठी देवाने घडवलेलं हे शरीर नव्हे. तरी जमतं. आमच्या बायकांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आपल्या मनातली गुहा म्हणजे कार्ले, अजिंठा, नाशिकची पांडवलेणी. ती माणसांनी माणसांसाठी कोरली. जमीन सपाट, छताची उंची आधी ठरवलेली. सोहराच्या (पुस्तकातलं चेरापुंजी ते हेच) गुहा पाण्याने कोरल्या आहेत. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही, चुनखडी विरघळते. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेत खाली उतरतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि दगडातल्या भेगा रुंदावत जातं. पाऊस किती? ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत चेरापुंजीला २६,४६१ मिलिमीटर पडला, तो विक्रम अजून मोडलेला नाही. एरवीच्या वर्षीही महाबळेश्वरच्या साधारण दुप्पट पडतो. एवढ्या पाण्याला वाट करून देणाऱ्या भेगा लहान कशा राहतील?

या पाण्याला तुमच्या उंचीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे एका पावलावर छत दोन पुरुष उंच, पुढच्या पावलावर खांद्याशी, आणि नेमकी तिथेच जमीनही वीतभर खचलेली. लेण्यात आपण माना वर करून चालतो. इथे तसं चाललात तर पाय मुरगळेल आणि नुसतं खाली बघत चाललात तर डोकं आपटेल. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे आणि तो मोडला की मी शाळेतल्यासारखी ओरडते : चालताना बघायचं नाही, बघताना चालायचं नाही. थांबा. दिवा वर, दिवा खाली, पुढची तीन पावलं ठरवा. मग ती तीनच पावलं टाका आणि पुन्हा थांबा. पुढचं सगळं या एका सवयीवर उभं आहे.

कुठली गुहा, कुठला महिना

पहिल्यांदा मॉसमाईच. सोहरा गावापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे, पर्यटकांसाठी साधारण दीडशे मीटरचा भाग खुला आहे, आत विजेचे दिवे आहेत, एका तोंडाने शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडता येतं. तोंड ऐसपैस आहे, मग वाट आवळत जाते. काही ठिकाणी एका वेळी एकच माणूस जातो, काही ठिकाणी चांगलंच वाकावं लागतं. शिकायला हे उत्तम. अडचण खरी आहे, पण ती लगेच संपते.

दुसरी अरवाह. तिथवर पोचायची डोंगरकडेची पायवाटच सुरेख आहे. आत पायाखाली पाण्याचा ओहोळ असतो आणि भिंतींत समुद्री जीवांचे जीवाश्म दिसतात. घाई न करणाऱ्यालाच दिसतात, हे सांगायला नको. मॉम्लुह ही तिसरी गुहा माझ्या दृष्टीने तीर्थक्षेत्र आहे. तिथल्या एका लवणस्तंभातल्या (ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याने बनलेल्या दगडी खांबातल्या) थरांवरून ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण मिळाली आणि पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडाला २०१८ साली 'मेघालयन' हे अधिकृत नाव मिळालं. पण तिथे पाण्यातून जावं लागतं, दिवे नाहीत. पहिल्या दिवशी तिच्या वाटेला जाऊ नका.

जैंतिया टेकड्यांच्या बाजूला गेलात तर डोंगराच्या पोटात अरुंद भोकं दिसतील. त्यातली बरीचशी गुहा नसून कोळशाच्या रॅट-होल खाणी आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये त्या खाणकामावर बंदी घातली, भोकं मात्र जागच्या जागी आहेत. त्यांच्या तोंडाशी फोटोलासुद्धा थांबू नका.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सोहराचे धबधबे बघा, गुहा नको. गुहा हा पाण्याचा रस्ता आहे आणि पाणी आपला रस्ता विसरत नाही. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत जून २०१८ मध्ये फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, ते पाऊस आल्यावर मागची वाट पाण्याने बंद झाली म्हणून. त्यांना काढायला अठरा दिवस लागले आणि एका पाणबुड्याचा जीव गेला. पाणी उपसायच्या कामात मदतीला आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे लोकही गेले होते. तेव्हा डिसेंबरातही आभाळ भरून आलं असेल तर आधी स्थानिकांना विचारा. ते नको म्हणाले तर तिथेच थांबा.

वेळ सकाळची. महाराष्ट्रातून गेलेल्यांना एक गोष्ट चकवते : डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. चार वाजता आपला चहा होतो आणि बाहेर अंधार पडायला लागलेला असतो.

घरी करायची तयारी

दोन खुर्च्यांमध्ये सुतळी बांधा, जमिनीपासून साडेतीन फुटांवर. पाठीला छोटी सॅक लावून तिच्याखालून जा. जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा कमरेतून वाकतो आणि सॅक सुतळीला अडकते. कमरेतून वाकलं की पाठीचा उंचवटा डोक्यापेक्षा वर राहतो आणि तो आपल्याला दिसत नाही. शिवाय तोंड जमिनीकडे होतं, म्हणजे पुढचं बघणंच बंद. गुडघ्यांतून बसा. पाठ जवळजवळ सरळ, मान वर, उकिडवं बसल्यासारखं होऊन चाला. जमलं की सुतळी तीन फुटांवर आणा, मग अडीचवर. अडीच फुटांना रांगावं लागेल. मग डायनिंग टेबलाखालून खुर्च्यांच्या पायांना न लागता आरपार जाऊन बघा. घरचे हसतील, हसू देत. आठवडाभर रोज पाच मिनिटं पुरतात.

गुडघे दुखणाऱ्यांनी उकिडवं चालायचा हट्ट धरू नये. दोन्ही हात मागे टेकून बसायचं आणि बसल्या बसल्या पुढे सरकायचं. पँटचं मागचं खराब होतं, बाकी काही नाही. मी सर्रास असंच करते.

कपडे : अंगाला साधारण बसतील असे पूर्ण बाह्यांचे, सिंथेटिक. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि थंडी वाजते. गुहेतलं तापमान बाहेरच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं, सोहरासारख्या ठिकाणी ते गारच. जीन्स भिजली की गुडघ्यात वाकत नाही. ओढणी, स्कार्फ, लांब कुर्ता गाडीत ठेवा. बांगड्या आणि अंगठ्याही काढा, दगडाच्या फटीत अंगठीचं बोट अडकलं तर फार वाईट. मंगळसूत्र कपड्याच्या आत घाला किंवा बॅगेत सांभाळून ठेवा, यावरून आमच्याकडे नेहमी चर्चा होते आणि शेवटी ते आतच जातं. बूट खोल खाचांच्या रबरी तळाचे. गुळगुळीत झालेले मॉर्निंग वॉकचे बूट ओल्या चुनखडीवर टिकत नाहीत, आणि चपला तर नकोतच.

डोक्यावर हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट. वरून दगड पडेल ही भीती सगळ्यांना असते, पण बहुतेक वेळा आपणच उठून छताला धडकतो. मोटरसायकलचं हेल्मेट नको, त्यात कान आणि बाजूची नजर दोन्ही झाकले जातात. गिर्यारोहणाचं सर्वांत चांगलं. मॉसमाईत बरेच लोक उघड्या डोक्याने जातात, आमच्या गटात जात नाहीत. रांगायची वेळ येणार असेल तर गुडघ्यांना नी-पॅड हवेत. फरशी बसवणारे कारागीर वापरतात ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि खेळाच्या दुकानातल्यांपेक्षा जास्त टिकतात.

दिवा कपाळावरचा, कारण दोन्ही हात मोकळे हवेत. मॉसमाईत वीज आहे म्हणून दिवा नको असं नाही. वीज जाते, ती तिकडेही जाते. दिवे नसलेल्या गुहेत जगभरचे गुहारोहक माणशी तीन दिवे ठेवतात, एकमेकांवर अवलंबून नसलेले. मोबाईल त्यात धरत नाहीत. ओल्या हातातून तो निसटतो, आणि बाहेर आल्यावर फोन करायला त्याचीच बॅटरी लागते.

चष्मेवाल्यांसाठी : गुहेत दमटपणा भरपूर असतो, चढताना घाम आला की काच धुरकटते. शिरण्याआधी काचेवर साबणाची कोरडी वडी हलकेच फिरवून मऊ फडक्याने पुसून घ्या, आणि चष्म्याला दोरी बांधा.

आत

तोंडाशी पाच मिनिटं बसा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि सगळी घाईगर्दी याच पहिल्या वीस पावलांत होते. मागच्या टूरवाल्यांना पुढे जाऊ द्या. त्यांना विमान गाठायचंय.

क्रम लावून घ्या. अनुभवी माणूस पुढे, दुसरा अनुभवी शेवटी, मुलं आणि घाबरणारे मधे. दोघांत एवढं अंतर की पुढच्याचा बूट तुमच्या तोंडावर येणार नाही, पण त्याचा आवाज ऐकू येईल. पुढच्याने अडथळा दिसला की बोलायचं : "डोकं", "डावीकडे खड्डा", "ओलं". मागचा तेच शब्द पुन्हा म्हणतो आणि निरोप शेवटपर्यंत जातो. बोलताना मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही. कपाळावरचा दिवा सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि त्याला पुढची काही मिनिटं काही दिसत नाही.

हातापायांपैकी तीन कायम टेकलेले, एकच हलतो. ओल्या उतारावर हे विसरू नका. हात टेकायचा तो आधी दिव्याने बघून, आणि शक्यतो साध्या खडकावर, लोंबणाऱ्या किंवा चकाकणाऱ्या भागावर नाही. लवणस्तंभ थेंबाथेंबाने वाढतो. आपल्या तळव्याचा तेलकटपणा त्यावर बसला की त्या जागी नवा थर नीट धरत नाही. मॉसमाईत माणसांच्या हाताच्या उंचीवर काळेभोर, गुळगुळीत झालेले स्तंभ दिसतात. दिव्यांच्या भोवती हिरवं शेवाळही दिसेल. ते गुहेचं मूळचं नाही, बल्बच्या उजेडाने आलेलं आहे. आपल्यासाठी लावलेल्या दिव्याची ही किंमत.

छत खाली येऊ लागलं की ते डोक्याशी येईपर्यंत थांबू नका. दोन पावलं आधीच खाली बसा. बाहेर पडतानाही तसंच. छत उंच झालेलं दिसलं की लगेच उभे राहू नका. एक हात वर करून चाचपा, मग उठा. टेंगळं बहुतेक इथेच येतात, अडचण संपली असं वाटलं त्या क्षणी. सॅक पाठीवरून काढून पुढे ढकलत नेली तर अर्धा त्रास वाचतो. खिशातलं सगळं आधीच काढून ठेवा. खिशातली किल्ली मांडीत रुतते तेव्हा ती काढायला हात पोचत नाही.

कडेने जावं लागेल अशा फटीत आधी डोकं वळवा, मग अंग. उलटं केलंत तर मान अडकल्यासारखी होते. छाती घासत असेल तर श्वास सोडून एक टप्पा पुढे, थांबून श्वास, मग पुढचा टप्पा. जबरदस्ती नको. अंग ताठ झालं की आपण खरोखर थोडे फुगतो, सैल झालं की मावतो. सरपटायची वेळ आलीच तर एक हात पुढे, एक अंगालगत. त्याने खांदे तिरके होतात आणि कमी जागेत मावतात.

आणि हे कधीही नको : पुढे काय आहे ते माहीत नसलेल्या अरुंद उतारावर डोकं खाली करून शिरणं. अमेरिकेच्या युटा राज्यात नटी पटी नावाच्या गुहेत २००९ साली एक तरुण असाच डोकं खाली, पाय वर अडकला. एका दिवसाहून जास्त काळ प्रयत्न करूनही त्याला काढता आलं नाही. ती गुहा कायमची बंद केली. उतारावर पाय आधी. पाय पोचत नाहीत तिथे आपलं काही काम नाही.

भीती वाटली तर

वाटतेच. छाती धडधडते, वाटतं हवा कमी पडतेय. मॉसमाईत दोन्ही बाजूंनी वारा येतो, हवा पुरेशी असते, पण हे तेव्हा कुणाला पटत नाही, म्हणून मी समजावत बसत नाही. खाली बसवते, पाठ भिंतीला टेकवते, दिवा जमिनीकडे करायला सांगते आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ घ्यायला लावते. शेजारी बसून काहीतरी क्षुल्लक विचारते, रात्री जेवायला काय मागवायचं वगैरे. बहुतेकींना तेवढं पुरतं. "एवढंसं तर आहे, लहान मुलं गेली" असं कुणी म्हणालं तर त्या बोलणाऱ्याला मी पुढे पाठवते.

आमचा ठराव असा की कुणीही "परत" म्हणालं की परत. का, कशाला, थोडंच राहिलंय, हे काही नाही. मॉसमाईत गर्दीच्या वेळी उलट येणं अवघड होतं, म्हणून आमच्यातल्या नवख्यांना सकाळी लवकर नेते. दम्याचा त्रास असेल किंवा डॉक्टरांनी श्रम टाळायला सांगितले असतील त्यांनी बाहेरच बसावं. बाहेर चहाच्या टपऱ्या असतात. चालवणाऱ्या बाईंना "काँग" म्हणा, खासी लोकांत मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. पैसे देताना "खुब्लेई", म्हणजे धन्यवाद, म्हटलंत की त्या हसतात.

दिवे नसलेल्या गुहेकडे

मॉसमाई आणि अरवाह सहज जमल्या, गुडघ्यांनी तक्रार केली नाही, तर पुढची छोटी, बिनदिव्यांची गुहा स्थानिक वाटाड्याबरोबर करता येईल. खासी भाषेत गुहेला क्रेम म्हणतात आणि मेघालयात अशा हजाराहून जास्त क्रेम आहेत. वाटाड्या आदल्या दिवशीच ठरवा. रविवारी सकाळी लोक चर्चमध्ये असतात.

कमीत कमी चौघं हवेत. एकाला लागलं तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात, एकट्याने अंधारात परत यावं लागत नाही. राहण्याच्या जागी कुणालातरी गुहेचं नाव आणि परतायची वेळ कागदावर लिहून द्या, शिवाय त्या वेळेनंतर किती वाट बघून कुणाला फोन करायचा तेही. आत मोबाईलला रेंज नसते. आणि बाहेर आल्यावर आधी त्यांना कळवा, चहा नंतर.

प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा. जाताना दिसणारी वाट आणि येताना दिसणारी वाट सारखी नसते, सह्याद्रीत रानात भटकलेल्यांना हे ठाऊक असेल. परतायची वेळ आधीच ठरवा, गुहा संपली नाही तरी त्या वेळेला फिरा. दगडावर बाण कोरू नका, रंग लावू नका.

वटवाघळं दिसली तर आवाज बंद, दिवा खाली, फ्लॅश नाही. मशाल, सिगरेट, फटाका, कापूर, काहीच पेटवू नका. थंडीच्या दिवसांत ती अर्धवट झोपेत असतात, उठवलं तर साठवलेली ताकद खर्ची पडते. जिथे विष्ठेचे कोरडे ढीग असतील तिथे धूळ उडवू नका, आणि एन-९५ मास्क लावा. त्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो.

बाहेर आल्यावर बूट, नी-पॅड, हातमोजे त्याच दिवशी धुऊन वाळवा, चिखल लागलेल्या सामानासकट दुसऱ्या गुहेत जाऊ नका. एका गुहेतली बुरशी दुसरीकडच्या वटवाघळांपर्यंत आपल्याच बुटांनी जाते. आणि घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं असं काही झालं, तर फॅमिली डॉक्टरांना "वटवाघळं असलेल्या गुहेत गेले होते" हे आपणहून सांगा. साताऱ्यात ताप आलेल्या बाईला हा प्रश्न कोण विचारणार?